पंचनामा खालून वाचायचा

गेल्या महिन्यात पोटगीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना ओघात मी लिहून गेले की, काही वर्षं मी बॉस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत, नव्वदच्या दशकातल्या तिथल्या युद्धातल्या गुन्ह्यांच्या खटल्यांवर सरकार पक्षाची कायदा सल्लागार होते. त्या एका वाक्यावर सतरा पत्रं आली. पोटगीवर एकही नाही! तेव्हा या वेळी त्यातलीच तीन पत्रं घेते.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे. दिंडोशीच्या सेशन्स कोर्टात एका सीनियरकडे तीन वर्षं काम करतोय. चोऱ्या, मारामाऱ्या, जामीन अर्ज आणि तारखा. मला युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत काम करायचंय. नेदरलँड्समध्ये एलएलएम करायचं तर २५ लाखांचं कर्ज लागेल. बाबा राहता फ्लॅट गहाण ठेवायला तयार आहेत. इथली तीन वर्षं फुकट गेली असं वाटतं. काय करू? (एक तरुण वकील, बोरिवली)

उत्तर : तुला 'तू'च म्हणते, माझ्या ज्युनियरच्या वयाचा आहेस. आधी बाबांना सांग, फ्लॅटला हात लावू नका.

आता काम काय असतं ते ऐक. मी तीन वर्षांत कोर्टात उभी राहून एक अक्षर बोलले नाही. बोलायचे ते अभियोक्ते. माझ्या वाट्याला फायली. अशा खटल्यात दोन गोष्टी शाबीत कराव्या लागतात : गावात काय घडलं, आणि लांब कुठेतरी टेबलामागे बसलेल्या अधिकाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध. पहिलीला साक्षीदार मिळतात, पुष्कळ मिळतात. दुसरीसाठी लागतात डिझेलच्या नोंदी, ट्रकची लॉगबुकं, ड्यूटी ऑफिसरची वही. माझा निम्मा वेळ हेगच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाच्या, जाडजूड निकालपत्रांत जायचा. हेगच्या न्यायाधिकरणाने एकदा शाबीत धरलेल्या गोष्टी बॉस्नियाच्या न्यायालयाला पुन्हा पुरावा न घेता स्वीकारता येत. तसा कायदाच केलेला होता. त्यातली कुठली गोष्ट आपल्या खटल्यात चालेल आणि कुठली थेट आरोपीच्याच कृत्याबद्दल असल्याने चालणार नाही, हे निवडायचं. गहू निवडल्यासारखं काम.

एक उदाहरण देते, तुझ्या मुद्देमालाच्या पिशवीशी ताडून बघ. जुलै १९९५ मध्ये पूर्व बॉस्नियातल्या स्रेब्रेनित्सात बॉस्नियन सर्ब सैन्याकडून सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले. सामुदायिक कबरींत पुरले गेले. काही आठवड्यांनी मारणाऱ्यांनीच यंत्रं लावून त्या कबरी उकरल्या आणि प्रेतं ट्रकने दुसरीकडे नेऊन पुरली. एकाच माणसाची हाडं दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी सापडली ती त्यामुळे. मग ही कबर त्या कबरीतून आली हे ठरवायचं कसं? द्रिना नदीकाठी कोझलुकला बाटल्या भरायच्या कारखान्याचा कचरा टाकायची जागा होती. तिथल्या कबरीत हिरव्या काचेचे तुकडे आणि बाटल्यांची लेबलं मिसळलेली होती. तीच काच, तीच लेबलं कित्येक किलोमीटर लांबच्या, रानातल्या कबरीत निघाली. रानात बाटल्यांचा कारखाना कुठला! म्हणजे प्रेतं हलवली. हलवली म्हणजे यंत्रं आली, डिझेल आलं, ड्रायव्हर आले, आणि कोणीतरी हुकूम दिला. त्याच सैन्यातल्या जनरल क्रस्तिचच्या खटल्याच्या २००१ च्या हेगच्या निकालात हा कबरींचा पुरावा वाचायला मिळेल. वाच, कादंबरी बाजूला ठेवशील.

ते वाचताना मला आमचे सीनियर आठवले. फोर्टच्या सेशन्स कोर्टात पंचनामा हातात आला की ते तो खालून वाचायला लावत. आधी पंचांच्या सह्या, मग वेळ, मग सीलची नोंद, मजकूर सगळ्यात शेवटी. "मजकूर पोलिसांचा असतो गं, वेळ त्यांची नसते," म्हणायचे. कबर उघडल्याचा अहवालही मी तसाच वाचायचे. पिशवीला नंबर कोणी दिला, किती वाजता, शवागारात पोचली तेव्हा तोच नंबर होता का. शेजारच्या टेबलावर बड्या बड्या विद्यापीठांतून आलेली मुलं होती, जिनिव्हा करार तोंडपाठ. पण पिशवीचे नंबर जुळवून बघायचं त्यांच्या डोक्यातच यायचं नाही, कारण खोटा पंच त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

आणखी एक. बॉस्नियात २००३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेपर्यंत तपास न्यायाधीशच सगळी चौकशी करायचे. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी साक्षीदाराला समोरासमोर तपासायचं, हे तिथल्या वकिलांना नवं होतं. पोलिसांकडचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांतली तफावत कशी तोंडावर ठेवायची, हे विचारायला चांगले पन्नाशीचे वकील माझ्याकडे यायचे. म्हणजे तुझा रोजचा कलम १६१ चा जबाब (हो, नव्या कायद्यात आता १८० म्हणायचं, माझ्या तोंडात बसत नाही). योगायोग बघ, हेगच्या त्या न्यायाधिकरणाने १९९३ ते २०१७ या काळात एकूण आरोपी केले तेही १६१च.

आता माझी चूकही सांगते. तिथे कागदोपत्री माणसाच्या नाव-आडनावाच्या मध्ये कंसात बापाचं नाव लिहितात. आपल्यासारखंच. पहिल्या हिवाळ्यात मी बेपत्ता माणसांचा एक तक्ता केला. रकाने मावेनात म्हणून कंस काढून टाकले. दोन ओळी हुबेहूब सारख्या आल्या : तेच नाव, तेच आडनाव, तेच गाव. दुबार नोंद म्हणून मी त्यातली एक पुसली. ते दोघे चुलतभाऊ होते. आमच्या ऑफिसातल्या सहायक बाईंनी, त्या तिथल्याच, मूळ यादी शेजारी ठेवून बोट लावलं, काही बोलल्या नाहीत. तक्ता दुसऱ्या दिवशी बचाव पक्षाला जायचा होता. इंग्रज-जर्मन माणसाने कंस काढला असता तर एक वेळ समजू शकते. मी रेशन कार्डावर, लाइटच्या बिलावर, शाळेच्या दाखल्यावर जन्मभर बापाचं नाव लिहिलेली बाई. मला अजून त्याची लाज वाटते.

तर करायचं काय? अजून तीन-चार वर्षं तिथेच थांब. एक तरी खुनाचा खटला दोषारोपापासून निकालापर्यंत स्वतः सांभाळ. या नोकऱ्यांच्या जाहिरातीत पदवीच्या जोडीला प्रत्यक्ष कामाची वर्षं मागतात. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहेत, तेव्हा शनिवारी फ्रेंचचा क्लास लाव. एलएलएम शिष्यवृत्ती मिळाली तर कर. आणि ही कंत्राटी कामं असतात, सहा महिने, वर्ष. निधी आटला की घरी. कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन असल्या कामाला जायचं नसतं.

प्रश्न : भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्यच नाही. मग भारतीयांना काम मिळतं का? (लॉची विद्यार्थिनी, माटुंगा)

उत्तर : मिळतं. ते न्यायालय ज्याने स्थापन झालं तो रोमचा करार १९९८ चा, अंमल १ जुलै २००२ पासून. भारताने त्यावर सही केलेली नाही. त्यामुळे भारतीय माणूस तिथे न्यायाधीश होऊ शकत नाही. कर्मचारी होऊ शकतो, पसंती मात्र सदस्य देशांच्या लोकांना. शिवाय संयुक्त राष्ट्रांची न्यायाधिकरणं वेगळी आणि त्या त्या देशांतली न्यायालयं वेगळी. मी दुसऱ्या दाराने गेले.

प्रश्न : मुलीला हेगमध्ये युक्रेनच्या प्रकरणांवर वर्षभराचं काम मिळालंय. गोळीबाराची भीती नाही, हे कळलं. पण असलं रोज वाचून पोरीच्या मनावर परिणाम होणार नाही का? आणि आम्ही शाकाहारी, जेवणाचं काय? (एक आई, मुलुंड)

उत्तर : जेवणाचं आधी. हेगमध्ये तुमच्या मुलीला तूरडाळही मिळेल आणि सुरिनामहून आलेल्या आपल्याच लोकांच्या हातची रोटीसुद्धा. हाल माझे झाले. सारायेव्होत 'बुरेक', म्हणजे सारण भरलेला भाजलेला पदार्थ, मांसाचाच, चीजचा हवा तर 'सिर्नित्सा' म्हणायचं. हे शिकेपर्यंत आठवडाभर मी कॉफी आणि पावावर होते. मेतकूट द्या बरोबर. मऊ भाताला तोड नाही.

परिणाम होतो. नाही म्हणाले तर खोटं होईल. रडू वगैरे मला तिथे फारसं आलं नाही. कामाला शिस्त असते, तारीख असते, बर्फ पडत असतो आणि ट्राम पकडायची असते. मुलीला एवढंच सांगा की जबाब घरी आणायचे नाहीत आणि रविवारी लॅपटॉप उघडायचा नाही. आणि तुम्ही फोनवर "आज काय वाचलंस" असं विचारू नका, "आज काय जेवलीस" विचारा.

माझं म्हणाल तर परत आल्यावर वर्षभर काही जाणवलं नाही. मग निवडणूक आली. पार्ल्यात आमचं केंद्र पालिकेच्या शाळेत असतं. बाहेर टेबलावर मतदारयादी होती. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय. मी माझं नाव शोधायला वाकले आणि पहिल्यापासून वाचायलाच लागले. एकेका ओळीवर बोट ठेवून, वयं बघत, एकाच आडनावाखाली किती पुरुष आहेत ते मोजत. दोन पानं झाली असतील. मागे रांग खोळंबली होती. टेबलामागचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव सापडलंय कधीच, वरच्याच पानावर आहे. तुम्ही कोणाला शोधताय?"