वाचकांचे प्रश्न : आधीच पाहून झालेली सहल

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे, आमचा अकरावीतला मुलगा आणि माझ्या सासूबाई असे हंपीला जाऊन आलो. निघण्यापूर्वी महिनाभर घरात हंपीचीच रील्स चालू होती. कुठे थांबायचे, कोणत्या दगडावर उभे राहून फोटो काढायचा, कोणत्या हॉटेलात काय मागवायचे, हे सगळे त्यावरूनच ठरले. विरूपाक्ष मंदिरात गाइडने आम्हाला एका अंधाऱ्या जागी नेऊन समोरच्या भिंतीकडे पाहायला सांगितले. तो पुढे काही बोलणार इतक्यात मुलगा म्हणाला, "आता गोपुराची उलटी सावली दिसेल, मी पाहिली आहे." गाइड गप्प झाला. सासूबाईंना त्यातले काहीच ठाऊक नव्हते आणि त्यांचा तो क्षण हुकला, याची चुटपुट मला अजून लागून आहे. शिवाय आमचे फोटो रोज स्टेटसवर जात असल्यामुळे परतल्यावर नणंदबाई भेटल्या, तेव्हा "सगळे पाहिले हो आम्ही" एवढेच म्हणाल्या आणि विषय संपला. पुढच्या वेळी घरातल्यांना फोन बाजूला ठेवायला सांगितले तर मी जुन्या वळणाची ठरेन का? आणि जे हरवले आहे ते परत मिळवता येते का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, पण त्या एकाच ठिकाणाहून निघतात. जाण्यापूर्वी सगळे पाहून झाले होते आणि येण्यापूर्वी सगळे सांगून झाले होते. या दोन्हींच्या मध्ये प्रत्यक्ष सहलीला स्वतःचे असे फारच थोडे उरले.

त्या उलट्या सावलीचेच पाहा. भिंतीतल्या लहानशा झरोक्यातून बाहेरचा उजेड आत येतो आणि गोपुराची प्रतिमा उलटी होऊन समोरच्या भिंतीवर उमटते. तिथे ना भिंग आहे ना यंत्र. हे पाहून माणूस थक्क व्हायचा असेल तर आधी तो अंधारात यावा लागतो, डोळे अंधाराला सरावावे लागतात, भिंतीवर नेमके काय पाहायचे आहे हे न कळून थोडे गोंधळावे लागते, आणि सांगणाऱ्याने सांगणे जरा लांबवावे लागते. गाइडचे सारे कसब त्या लांबवण्यात असते. रीलमध्ये हीच गोष्ट वर मथळा लावून काही सेकंदांत दिसते, आणि तिच्याभोवतीचे बाकी सगळे गळून गेलेले असते. मुलाला मात्र दोष देऊ नका. त्याने ती सावली खरोखरच पाहिली होती, म्हणून तो उत्साहाने बोलला. त्या सावलीसाठी लागणारा अंधार आणि थांबणे मात्र त्याला आधी कुणी दाखवले नव्हते.

मग काहीही न वाचता, न विचारता निघावे का? असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण आधी जाणून घेणे आणि आधी पाहून टाकणे यांत मोठा फरक आहे. आपल्या पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, नातू पुळुमावीच्या राज्यात, आपल्या मुलाच्या पराक्रमाचे वर्णन तिथे कोरवून घेतले. एवढे वाचून जो पायऱ्या चढतो, तो त्या भिंतीसमोर इतरांपेक्षा अधिक वेळ उभा राहतो; अक्षरे वाचता येत नसली तरी एका आईचे बोलणे दगडात कुठून कुठवर गेले आहे, हे तो शोधू लागतो. असे जाणणे कुतूहल वाढवते. रील कुतूहल जागे होण्याआधीच उत्तर दाखवते आणि कुठे उभे राहून पाहायचे तेही ठरवून टाकते. हंपीचा दगडी रथ २०१७ पासून पन्नास रुपयांच्या नोटेवर आपल्या खिशात आहे, पण त्यामुळे रथातली गंमत गेली असे कुणी म्हणत नाही. एवढ्याशा चित्रावरून त्याच्या चाकांचा आकार कळत नाही आणि ते प्रांगण केवढे आहे तेही कळत नाही. ते प्रत्यक्ष जाणाऱ्यासाठी राखलेले असते.

वाट पाहण्यात स्वतःचा आनंद असतो, म्हणून निघण्यापूर्वीचा तो महिना मला महत्त्वाचा वाटतो. नेदरलँड्समध्ये येरून नावाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की सहलीला निघणारे लोक निघण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी असतात, आणि परतल्यावर हा फरक, सहल अतिशय निवांत झालेली नसेल तर, बहुतेक उरत नाही. म्हणजे जो काळ सर्वांत सुखाचा, तोच आपण रील्स पाहण्यात संपवतो. तुमच्या घरात तर सासूबाई होत्या. पंचवटीच्या गावात राहणाऱ्या त्या बाई किष्किंधेला निघाल्या होत्या. हंपीचा परिसर आणि तुंगभद्रेपलीकडची आनेगुंदी म्हणजेच रामायणातली किष्किंधा, असे तिथे मानतात, आणि पंपा सरोवरही तिथलेच दाखवतात. हनुमानाचा जन्म आपल्या अंजनेरीचा की तिथल्या अंजनाद्रीचा, यावर तर घरात महिनाभर वाद रंगला असता. त्यांनी मनात काय रंगवले होते, हे निघण्यापूर्वी कुणी विचारले होते का? नसेल तर आता विचारा. प्रत्यक्ष पाहिलेले त्याहून किती वेगळे निघाले, हेही त्या सांगतील.

आता रोजच्या स्टेटसविषयी. फोटो काढणे वाईट आहे असे मला वाटत नाही आणि अभ्यासही तसे सरसकट सांगत नाहीत. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले, त्या नुसत्या न्याहाळलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. मात्र वस्तूच्या एखाद्याच भागावर कॅमेरा जवळ नेला, तेव्हा ही घट दिसली नाही. बारकाईने पाहणे झाले, तर फोटो आड येत नाही. आड येतो तो पाहणाऱ्यांचा विचार. अलिक्झांड्रा बरॅश, गॅल झॉबरमन आणि क्रिस्टिन डील यांनी २०१८ साली दाखवले, की फोटो काढतानाच तो लोकांना दाखवायचा हेतू मनात असला तर त्या प्रसंगातला आनंद घटतो, कारण आपण त्यांना कसे दिसू याची काळजी मागे लागते. तोच फोटो स्वतःच्या अल्बमसाठी काढला तर असे होत नाही. म्हणून मी फोन बंद करायला सांगणार नाही. फोटो भरपूर काढा, पण घरी परतेपर्यंत ते कुणाकडेही जाऊ देऊ नका. नातलगांना संध्याकाळी "सुखरूप आहोत" एवढे कळवले की पुरे.

नणंदबाईंचे "पाहिले हो" हे उदासीनतेतून आले असे समजू नका. आपण सगळे पाहिले असे त्यांना खरोखरच वाटते. पूर्वी काशीयात्रा करून आलेल्यांच्या घरी मावंदे होत असे. आणलेल्या गंगेच्या गडूची पूजा होई, आप्तेष्ट जेवायला येत, आणि मग वाटेत कोण आजारी पडले, कुठे गाडी चुकली, घाटावर कोण भेटले, हे सगळे सांगितले जाई. ऐकणाऱ्याला आधी काहीच ठाऊक नसे, म्हणून तो प्रश्न विचारी, आणि त्या प्रश्नांतून सांगणाऱ्यालाही आपण काय पाहिले ते नव्याने उमगे. सहलीचा हा शेवटचा भाग आपण हप्त्याहप्त्याने वाटून टाकला आहे. तरी नणंदबाईंना सांगण्यासारखे तुमच्याकडे एक उरले आहेच. गाइड गप्प झाला, सासूबाई अंधारात भिंतीकडे पाहत राहिल्या, हे कोणत्याही स्टेटसवर गेलेले नाही. त्यांना जेवायला बोलवा आणि ते सांगा.

फोन बाजूला ठेवायला सांगणे जुन्या वळणाचे नाही, पण तशी बंदी घातली तर मुलगा नाइलाजाने पाळेल आणि सहलभर रुसून बसेल. त्याऐवजी पुढच्या सहलीतला एक दिवस त्याच्यावर सोपवा. त्या दिवशी कुठे जायचे ते त्याने शोधावे, हवे तेवढे पाहावे, पण तुम्हा तिघांना शेवटपर्यंत कळू देऊ नये. सांगणे लांबवण्यात काय मजा असते ते त्याला त्या दिवशी समजेल. तिकिटे, खोल्या आणि मंदिरांच्या वेळा नीट पाहून ठेवा, कारण त्यांत नवलाईची कुणालाच गरज नसते. एखादी दुपार मात्र पूर्ण मोकळी ठेवा. हंपीतला सासूबाईंचा तो क्षण परत आणता येणार नाही, हे तुम्हाला खोटा दिलासा न देता सांगितले पाहिजे. पण आश्चर्याने थांबण्याची सवय घरात परत येऊ शकते.

प्रश्न : मी नाशिकरोडहून प्रवासी गाडी चालवतो. पूर्वी मुंबईचे पाहुणे "तुम्ही न्याल तिकडे" म्हणत. आता बसतानाच मोबाइल पुढे करतात आणि "हाच धबधबा, हाच पॉइंट" म्हणतात. फेब्रुवारीत पहिन्याच्या बाजूला कोरडा कडा दिसला की नाराजी माझ्यावर निघते. वाटेतले चांगले काही सुचवले तरी यादीत नाही म्हणून उतरत नाहीत. काय करावे?
— एक चालक

उत्तर : पहिली गोष्ट बुकिंग घेतानाच साफ सांगा. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूचे बहुतेक धबधबे पावसाचे असतात. ऑगस्टमध्ये चित्रित झालेले रील वर्षभर फिरत राहते आणि त्यावर महिना लिहिलेला नसतो, त्यामुळे पाहुण्यांना ते कळायला मार्ग नाही. फेब्रुवारीत येणाऱ्यांना आधीच सांगा की आता धबधबा नाही, पण द्राक्षांची काढणी चालू आहे. ज्याला हे आधी कळते, तो चिडत नाही.

यादीशी भांडू नका. यादीतली ठिकाणे दाखवा, पण त्यांच्याकडून दिवसातला एक तास मागून घ्या आणि तो कुठे जाईल हे मुद्दाम सांगू नका. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला नेता येईल. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेले ते महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र, आणि तिथे कोणता पक्षी किती वेळ दिसेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही; ज्यांना सगळे ठरलेले हवे असते, त्यांनाही तिथे मुकाट्याने वाट पाहावी लागते. त्याच बाजूला लासलगाव आहे. कांद्याचा लिलाव चालू असताना ट्रॅक्टरच्या रांगांमधून बोली पुढे पुढे सरकत जाते, ते मुंबईच्या मुलांनी जन्मात पाहिलेले नसते. मात्र लिलावाचा दिवस आणि वेळ आधी चौकशी करून घ्या, आणि कामाच्या आड येणार नाही असे लांबूनच पाहू द्या.

एक विनंती आणखी आहे. हरिहर किल्ल्याच्या खडकात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांचे रील पाहून कुणी लहान मुलांना घेऊन पावसाळ्यात, सुट्टीच्या दिवशी निघाले असतील, तर त्यांना थांबवा. चढणारे आणि उतरणारे त्याच अरुंद पायऱ्यांवर समोरासमोर येतात, आणि ती घुसमट फोटोत दिसत नाही. भाडे गेले तरी चालेल, पण हे सांगणे तुमच्यासारख्या माहितगार माणसाचेच काम आहे.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी ट्रेकला जातो. आई-बाबांना दर तासाला फोटो आणि लोकेशन हवे असते. ते पाठवण्यातच दिवस जातो, पण त्यांची काळजीही कळते.
— एक विद्यार्थिनी, सिडको, नाशिक

उत्तर : काळजी खरी आहे, म्हणून ती फोटोंपासून वेगळी करा. फोटोवरून तुम्ही सुरक्षित आहात हे कळत नाही. तो काढला तेव्हा तिथे होतात, एवढेच कळते. सह्याद्रीत अनेक ठिकाणी रेंज नसते आणि तासाचा निरोप चुकला की घरी उगाच घबराट होते. त्यामुळे आदल्या रात्रीच एका कागदावर पायथ्याच्या गावाचे नाव, जाण्यायेण्याची वाट, सोबतच्या मैत्रिणींचे आणि वाहनचालकाचे क्रमांक लिहून घरी द्या. लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचे असेल तर ते आई किंवा बाबा यांपैकी एकाकडेच जाऊ द्या. पायथा सोडताना एक फोन आणि पायथ्याला परतल्यावर एक फोन, असे ठरवून घ्या आणि ते काटेकोरपणे पाळा, म्हणजे मधल्या वेळेबद्दल त्यांचा विश्वास बसेल. ठरलेल्या वेळेनंतर किती वाट पाहायची आणि मग गावातल्या कुणाला फोन करायचा, हेही त्या कागदावर लिहून ठेवा.