लेक नीट रिपीट करतेय, पण पुस्तकच उघडत नाही

प्रश्न: माझी मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली. नीटला थोडक्यात मार्क कमी पडले म्हणून यंदा रिपीट करतेय. आम्ही गडहिंग्लजकडचे, ती कोल्हापुरात राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहते. दिवाळीनंतर तिचं काहीतरी बिनसलंय. मार्क घसरलेत, मेसचा डबा तसाच परत जातो, पहाटे तीनलाच जाग येते म्हणते. परवा फोनवर म्हणाली, "आई, मी तुम्हाला ओझंच झालेय." हे म्हणतात मोबाईलमुळे आळस भरलाय. सासूबाई दृष्ट काढतात. क्लासची फी पूर्ण भरलीय. तिला घरी आणू का? मेडिकलचा नाद सोडून बी.एस्सी.ला घालू का? टेस्टचे कागद सोबत पाठवतेय.

उत्तर:

ताई, नमस्कार.

टेस्टचे कागद पाठवलेत ते फार बरं केलंत. मी एकूण मार्क नंतर बघतो, आधी कोणते प्रश्न सोडलेत ते बघतो. नीटला १८० प्रश्न, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. त्यामुळे फिजिक्सला भिणारी पोरं फिजिक्स कोरं ठेवतात, ते मला रोजचंच आहे. तुमच्या लेकीचं उलटं झालंय. सप्टेंबरपर्यंत बायोलॉजी हा तिचा हुकमी विषय होता. डिसेंबरच्या दोन्ही पेपरांत त्याच बायोलॉजीचे शेवटचे तीसेक प्रश्न सलग कोरे आहेत. चुकलेले नाहीत, कोरे. आळशी पोरगं ठोकून देतं, गोल रंगवून मोकळं होतं. आवडीच्या विषयात जी मुलगी मध्येच पेन खाली ठेवते, तिच्यात पुढचा प्रश्न वाचायचंही त्राण उरलेलं नसतं.

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान कुणीच करू नये. पण इतकी वर्षं पोरं बघतोय, त्यावरून सांगतो. परीक्षेचं टेन्शन सगळ्यांनाच येतं. रविवारी टेस्टच्या आधी पोट बिघडतं, हात गार पडतात, छातीत धडधडतं, पाठ केलेलं आठवत नाही. पण पेपर संपला की सडकून भूक लागते आणि सोमवारी गाडी रुळावर येते. त्याला उपाय सरावाचा: वेळ लावून पेपर सोडवणं, आधी सोपा विषय घेणं, घाबरल्यावर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देणं. काही मुलांचं ते सोमवारीही ओसरत नाही, काळजी आठवडाभर डोकं पोखरत राहते. तिथे समुपदेशकाची मदत लागते.

तुम्ही लिहिलंय ते याच्या पुढचं वाटतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडणं, सतत थकवा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, ही नैराश्याची लक्षणं आहेत. या वयात उदासीऐवजी चिडचिडही दिसू शकते, म्हणून घरच्यांना तो उद्धटपणा वाटतो. मोबाईलबद्दल तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, रात्री उशिरापर्यंतच्या मोबाईलनं झोप बिघडतेच. पण पहाटे तीनला जाग आलेली पोर त्या अंधारात दुसरं करणार काय? सासूबाईंना दृष्ट काढू दे, त्यात माया आहे. फक्त तेवढ्यावर थांबू नका.

मला सगळ्यात जास्त खटकलंय ते "ओझं" झाल्याचं बोलणं. "असं बोलू नये बाळा" म्हणून ते झटकू नका. तिच्याजवळ बसून सरळ विचारा, "जगणंच नको, असं कधी मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे, उलट पोरं मोकळी होतात. उत्तर "हो" आलं, किंवा ती नुसती गप्प राहून रडली, तर तिला एकटीला ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्रीबेरात्री बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो तिच्या आणि तुमच्याही फोनमध्ये आजच सेव्ह करा.

तेव्हा आणा तिला घरी, याच आठवड्यात. एकटीला एसटीनं यायला सांगू नका, स्वतः आणायला जा. आणि गडहिंग्लजला परतण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवूनच या. खाजगीत परवडत नसेल तर कोल्हापुरातच दसरा चौकाजवळचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, तिथे केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं. रक्ताच्या तपासणीबद्दलही विचारा, कारण थायरॉईड बिघडलं किंवा हिमोग्लोबिन फार खाली गेलं तरी असाच थकवा येतो आणि मन लागत नाही. गोळ्या दिल्याच तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. "चार दिवस घेतल्या, काही गुण नाही" म्हणून बंद करू नका, बरं वाटलं म्हणून मनानं सोडूही नका. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी वाढली तर डॉक्टरांना लगेच कळवा.

"मानसिक डॉक्टरकडे नेलं तर उद्या लग्नाला अडचण" असं कुणीतरी बोलणारच, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. डॉक्टर भावकीत सांगायला जात नाहीत. सांगतो तो आपणच.

घरी आल्यावर निदान आठ दिवस नीटचं नाव काढू नका. जेवणाखाणाची वेळ, झोपायची-उठायची वेळ, सकाळी उन्हातून तुमच्याबरोबर एक फेरी, एवढंच बघा. पाहुणे आले की "किती मार्क पडतात गं?" सुरू होतं. त्यांना दारातच आवरा, ते काम यजमानांकडे द्या.

आता बी.एस्सी. या आजारपणात तिला विचारलंत तर ती कशालाही "हो" म्हणेल, नाहीतर "मला काहीच जमणार नाही" म्हणेल. दोन्ही उत्तरांवर माझा विश्वास नाही. उपचार सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की विचारू. दारं बंद होत नाहीत. नीटला वयाची कमाल मर्यादा नाही, यंदा मे महिन्यात नाहीच बसली तरी पुढे बसता येतं. तोवर एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गटाचा फॉर्म मात्र भरून ठेवा, तिला न सतावता. त्यात निम्मे गुण जीवशास्त्राचे आहेत, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि फार्मसी, कृषी हे रस्ते त्यातूनच जातात. फॉर्म भरला म्हणजे परीक्षा द्यायलाच हवी असं नाही. उलट ठीक वाटून ती स्वतःच म्हणाली की मला नीटच द्यायचीय, तर द्यावी; फक्त मग कॉट बेसिसवर एकटीनं नाही, घरून किंवा तुमच्यापैकी कुणी सोबत राहून.

फीपायी तिला तिथे अडकवू नका. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या क्लासबाबतच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की पूर्ण फी भरून विद्यार्थ्यानं मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी. पण त्या अमलात आणायचं काम राज्यांवर सोपवलंय, त्यामुळे क्लासवाले पहिल्या फेरीत हो म्हणतील असं समजू नका. अर्ज लेखी द्या, कारण "तब्येत" एवढंच लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.