हीट नंबरचा निर्णय आणि प्रकल्पाची ईमेल-यादी

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांसाठी हीटच्या (भट्टीत एका वेळी वितळवून ओतलेल्या धातूच्या) व जॉबच्या नोंदी ठेवणारे मुक्त सॉफ्टवेअर तुम्ही चौदा जण मिळून लिहीत आहात, आजवरची सगळी चर्चा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर झाली आहे, आणि झालेले निर्णय सापडत नाहीत म्हणून ईमेल-यादी (एका पत्त्यावर लिहिले की सगळ्या सदस्यांना पोहोचते ती) काढावी का, काढल्यास ती कशी चालवावी, असे तुम्ही विचारले आहे. लहान कारखान्यांच्या साठा-नोंदीच्या एका प्रकल्पाची यादी मी बारा-तेरा वर्षे सांभाळतो आहे. ती उद्यमनगरातल्या चार जणांपासून सुरू झाली होती, त्यामुळे तुमची अडचण मला जवळून ठाऊक आहे. माझे उत्तर ‘काढा’ असेच आहे. परंतु यादी काढणे हे एका दुपारचे काम असून ती सांभाळणे हे दर आठवड्याचे काम आहे, हे आधीच मान्य करून काढा.

तुमच्याच प्रश्नातले उदाहरण घेतो. हीट नंबर दर १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू करायचा की वर्षानुवर्षे सलग चालवायचा, यात तुम्ही मागच्या वर्षी गटावर सलग चालवायचे ठरवलेत. पुढे नव्याने आलेल्या सदस्याला ते दिसले नाही, त्याने क्रमांक दर एप्रिलला शून्यावर आणणारा बदल केला, आणि एका फौंड्रीत दोन वेगळ्या ओतीच्या कास्टिंगवर एकच हीट नंबर पडला. तपासणीचा दाखला मागणाऱ्या ग्राहकासमोर याचे काय होते हे मी तुम्हाला सांगायला नको. या प्रकारात त्या मुलाचा दोष नाही. निर्णय झाला होता, पण सहा महिन्यांनी येणाऱ्या माणसाला वाचता येईल अशा जागी तो कोणी ठेवलाच नव्हता. ईमेल-यादीचा खरा उपयोग हा आहे. आज हजर असलेल्यांसाठी फोन आणि गट पुरेसे असतात. यादी ही उद्या येणाऱ्यासाठी असते.

म्हणून पहिला नियम असा करा की चर्चा कुठेही होवो, चहाच्या टपरीवर, फोनवर किंवा भट्टीशेजारी उभे राहून, निर्णय मात्र यादीवर लिहिला गेल्याशिवाय झाला असे धरायचे नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे अनेक प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत हा दंडक फार जुना आहे. जे यादीवर घडले नाही ते घडलेच नाही, असे तिथे मानतात, आणि मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुले ठेवतात, जेणेकरून जगाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या माणसालाही बोलता यावे. तुमची मंडळी एकाच जिल्ह्यात असली तरी पाळ्यांमध्ये काम करणारी आहेत. त्यांच्यासाठी मी सात दिवस ठेवीन. प्रस्तावाचा विषय ‘एक शंका’ किंवा ‘महत्त्वाचे’ असा नसावा, तर ‘हीट नंबर: एप्रिलला नव्याने की सलग? मते १५ तारखेपर्यंत’ असा असावा. मजकुरात अडचण काय, पर्याय कोणते, लिहिणाऱ्याला कोणता पसंत आहे आणि का, एवढे यावे. मुदत संपली की त्याच धाग्यात, म्हणजे मूळ संदेश आणि त्याच्या उत्तरांच्या साखळीत, एक शेवटचा संदेश घालून काय ठरले आणि कोणाचा कशाला विरोध होता हे चार ओळींत नोंदवावे. ते चार ओळींचे काम कंटाळवाणे वाटते आणि म्हणूनच ते कोणी करत नाही, पण दोन वर्षांनी यादीच्या जुन्या संदेशांच्या संग्रहातून जे शोधले जाते ते नेमके तेवढेच असते.

विषय ओळीबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण मराठीत लिहिणाऱ्यांना ती हटकून अडवते. ईमेलच्या शीर्षकांत (विषय, पाठवणारा, तारीख अशा मजकुराआधीच्या ओळींत, म्हणजे हेडरमध्ये) मुळात फक्त रोमन अक्षरांची सोय होती. देवनागरी विषय संकेतबद्ध करून तुकड्यातुकड्यांनी पाठवला जातो, आणि एका तुकड्याची मर्यादा ७५ चिन्हांची असते. यूटीएफ-८ या युनिकोडच्या नेहमीच्या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, त्यामुळे काना, मात्रा, वेलांट्या सुट्या मोजल्या तर एका तुकड्यात जेमतेम पंधरा चिन्हे बसतात. चांगले प्रोग्रॅम हे तुकडे नीट सांधतात. काही जुने प्रोग्रॅम अक्षराच्या मध्येच तुकडा पाडतात आणि वाचणाऱ्याला विषयाच्या मधोमध चौकोन दिसतात. यावर उपाय म्हणजे विषय आटोपशीर ठेवणे आणि त्याचा नेमका शब्द सुरुवातीलाच आणणे. भाषेच्या बाबतीत मात्र मागे हटू नका. मजकूर मराठीतच लिहा, फक्त युनिकोडमध्ये लिहा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला निव्वळ चिन्हांचा ढीग दिसतो आणि संग्रहात तो कधीच शोधता येत नाही.

आता उत्तरे देण्याच्या सवयींकडे येतो. तुमचे बहुतेक सदस्य फोनवर जीमेल वापरतात असे तुम्ही लिहिले आहे, आणि निम्मे घोटाळे तिथूनच येतील. एक म्हणजे यादीवर स्वतः पाठवलेला संदेश जीमेल पुन्हा इनबॉक्समध्ये दाखवत नाही, कारण त्याची प्रत ‘पाठवलेले’मध्ये आधीच असते. नवा सदस्य घाबरतो, संदेश पोहोचलाच नाही असे समजून तोच पुन्हा पाठवतो, आणि बाकीच्यांना तो तीनदा मिळतो. सदस्य होताच जाणाऱ्या स्वागताच्या संदेशात हे पहिल्या परिच्छेदात लिहा. दुसरे म्हणजे नवा प्रश्न विचारताना पत्ता शोधण्याचे श्रम वाचावेत म्हणून लोक जुन्याच संदेशाला उत्तर देतात आणि फक्त विषय बदलतात. जीमेलमध्ये ते वेगळे संभाषण दिसते, त्यामुळे पाठवणाऱ्याला काही चुकले असे वाटतच नाही. परंतु प्रत्येक उत्तरासोबत मूळ संदेशाची ओळख शीर्षकांत दडून जात असते, आणि संग्रह त्या ओळखीवरूनच धागे जुळवतो. परिणामी पॅटर्नच्या (साचा घडवायच्या नमुन्याच्या) नोंदीबद्दलचा प्रश्न हीट नंबरच्या धाग्याच्या पोटात जाऊन बसतो आणि तिथे तो कोणी वाचत नाही. नवा विषय असेल तर नवा संदेश, हे पुन्हा पुन्हा, न चिडता सांगावे लागेल.

उत्तर देताना आधीचा सगळा मजकूर खाली लोंबकळत ठेवू नये. ज्या वाक्याला उत्तर द्यायचे तेवढे ठेवावे, त्याखाली आपले म्हणणे लिहावे, बाकीचे काढून टाकावे. लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्याचा, विकास आजही ईमेल-याद्यांवर चालतो, तिथे पॅच (कोडमधले बदल) ईमेलमधूनच येतात आणि तपासणारा प्रत्येक ओळीखाली आपला शेरा लिहितो. ती पद्धत ज्याने एकदा वापरली त्याला कोणत्या शंकेला उत्तर मिळाले आणि कोणती राहिली हे डोळ्यांसमोर दिसण्याचे मोल कळते. फोनवर हे थोडे किचकट जाते, हे मला मान्य आहे. चार ओळींच्या उत्तराला सूट द्या, पण कोडची चर्चा संगणकावर बसूनच करावी असा आग्रह धरा.

‘उत्तर’ दाबल्यावर ते यादीला जावे की केवळ लिहिणाऱ्याला, यावर मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात जुने आणि कडवे वाद आहेत. मी ते लिहिणाऱ्यालाच जाऊ देतो. मेलमन या यादी चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची मूळ मांडणीही तशीच आहे. यात तोटा असा की ‘सर्वांना उत्तर’ दाबायला लोक विसरतात आणि चांगली उत्तरे खाजगीत राहतात. पण ती चूक एका ओळीत दुरुस्त होते, ‘हे यादीवर टाकाल का?’ असे विचारले की झाले. उलट मांडणीतली चूक दुरुस्त होत नाही. आमच्याकडे सुरुवातीला उत्तर थेट यादीला जात असे, आणि एका सदस्याने दुसऱ्याला त्याच्या थकलेल्या पैशांबद्दल लिहिलेला संदेश साठ जणांच्या इनबॉक्समध्ये गेला. तो सदस्य पुन्हा कधी यादीवर बोलला नाही. मांडणी मी त्याच रात्री बदलली.

यादी कुठे ठेवावी, याचे उत्तर पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे कडक धोरण लावले, म्हणजे याहूच्या नावाने आलेले पण पडताळणीत न उतरलेले ईमेल नाकारावे असे जगभरच्या सर्व्हरना कळवले, आणि याद्या एका रात्रीत अडचणीत आल्या. यादी आपल्या सर्व्हरवरून संदेश पुढे पाठवते, विषयाआधी कंसात आपले नाव जोडते, तळाशी दोन ओळी घालते. त्यामुळे मूळ डोमेनची सही जुळेनाशी होते, आणि स्वीकारणाऱ्या सर्व्हरला तो बनावट संदेश वाटतो. शिवाय अशा नकारांची मोजणी त्या बिचाऱ्या स्वीकारणाऱ्याच्या नावावर होऊन यादी त्यालाच बंद करते. यावर दोन मार्ग आहेत. एक, पाठवणाऱ्याच्या जागी यादीचा पत्ता घालणे, आणि मेलमनमध्ये तशी सोय आहे. दुसरा, संदेशाला हातच न लावणे. पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेसच्या मंडळींनी २०१७ मध्ये नव्या व्यवस्थेवर जाताना विषयाआधीचे नाव आणि तळटीप दोन्ही काढून टाकली. मला दुसरा मार्ग अधिक आवडतो, कारण देवनागरी विषयात आधीच जागा कमी असते, आणि यादीचे संदेश वेगळे काढायला लागणारी ओळख शीर्षकांत स्वतंत्रपणे असतेच.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनकडे एसपीएफ किंवा डीकेआयएमची (ईमेल खरोखर त्याच डोमेनचे आहे हे तपासण्याच्या पद्धतींची) पडताळणी मागायला सुरुवात केली आहे. त्यामुळे दुकानातल्या ब्रॉडबँडवर जुना संगणक लावून यादी चालवू नका. त्याचे ईमेल स्पॅममध्ये जातील. चौदा जणांना तयार यादी-सेवा पुरेशी आहे. फक्त निवडताना एकच प्रश्न विचारा की सगळा संग्रह एका फाइलमध्ये बाहेर काढता येतो का. येत नसेल तर ती सेवा कितीही सोपी असो, घेऊ नका. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये कायमचे बंद झाले, आणि त्याआधी ज्यांनी प्रती काढल्या नाहीत त्यांच्या कित्येक वर्षांच्या चर्चा गेल्या.

संग्रहाबद्दल मी एवढे का सांगतो त्याला कारण आहे. आमची यादी व्हीनस कॉर्नरजवळच्या माझ्या तळमजल्यावरच्या ऑफिसात एका संगणकावर होती, आणि संग्रहाची दुसरी प्रत त्याच कपाटात एका डिस्कवर होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दोन्ही पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तेव्हा डिस्कच्या खोक्यातून गाळ निघाला. सर्व्हर बंद असला तर पाठवणारे सर्व्हर साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात, पण आमचा संगणक तीन आठवडे बंद होता, त्यामुळे त्या काळातले संदेश परत गेले. जुना संग्रह मात्र वाचला, आणि तो माझ्यामुळे वाचला नाही. जयसिंगपूर आणि बेळगावच्या दोन सदस्यांनी यादीचा एकही संदेश कधी पुसला नव्हता. त्यांच्या मेलपेट्या एकत्र केल्या, प्रत्येक संदेशाच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकावरून दुबार प्रती गाळल्या, तारखेने लावल्या आणि मेलमनला त्यावरून संग्रह पुन्हा बांधायला लावले. दोन रात्री गेल्या, पण जवळपास सगळे धागे परत उभे राहिले. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाच्या बाबतीत हे इतके सरळ झाले नसते. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला संग्रहाची फाइल तीन वेगळ्या गावांतल्या सदस्यांकडे जाते.

नियंत्रक दोन तरी नेमा, आणि ते एकाच घरातले किंवा एकाच दुकानातले नकोत. सदस्य नसलेल्यांचे संदेश अडवून ठेवावेच लागतात, नाहीतर स्पॅमचा पूर येतो. पण अडवलेल्यांत एखादा खरा प्रश्न असतो, आणि तो विचारणारा बहुधा पहिल्यांदाच तुमच्या दारात उभा असतो. त्याला तीन आठवड्यांनी आत घेतले तर तो तिथे नसतो. रोज एकदा रांग पाहणे, आठवड्यातून एकदा परत आलेल्या पत्त्यांची यादी पाहणे, एवढे काम आहे. एकच यादी काढा. घोषणांची, विकासाची, मदतीची अशा तीन याद्या पहिल्या दिवशी काढल्या तर तिन्ही ओस पडतात.

तुमच्यात वयाने मोठे मिस्त्री आहेत, आणि त्यांच्या अनुभवावरच हे सॉफ्टवेअर उभे आहे. ते ईमेल लिहिणार नाहीत. त्यांच्याशी बोलून आलेल्या मुलाने त्यांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत, त्यांच्या नावासह आणि त्यांना विचारून यादीवर घालावे. आणि तरुणांना हेही स्पष्ट सांगा की मिस्त्रींच्या मताविरुद्ध कारणासहित लिहिणे हा त्यांचा अपमान नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे चार लोकांत असहमती दाखवायला माणूस कचरतो, आणि मग विरोध यादीवर न येता पाठीमागे बोलला जातो.

सगळे यादीवरच आणायचा हट्ट मी धरत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मूळ विकासकांनी आणि ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या प्रकल्पानेही २०२२ मध्ये ईमेल-याद्या सोडून चर्चेच्या नव्या व्यवस्था घेतल्या, आणि त्यांची कारणे विचारात घेण्यासारखी होती. चुकांची नोंद त्यासाठीच्या नोंदवहीत ठेवा, भट्टी चालू असताना अडलेल्याला फोनवरच मदत करा. व्हॉट्सअ‍ॅपचा गटही बंद करू नका, फक्त तिथे ठरलेली गोष्ट त्याच दिवशी यादीवर नेण्याचे काम एका माणसाकडे नावानिशी द्या.

यादी सुरू झाली की स्वागताच्या शुभेच्छा देत बसण्याऐवजी पहिला संदेश हीट नंबरचा पाठवा. मागच्या वर्षी काय ठरले, कोण हजर होते, सलग क्रमांकाची बाजू कोणी कशासाठी घेतली, हे गटावरचे जुने संदेश काढून, तारखांसकट, आठवते आहे तोवर लिहून काढा, आणि ज्या सदस्याच्या बदलामुळे क्रमांक दुबार पडले त्यालाच ते लिहायला सांगा. आता त्या प्रश्नाची खाचखोच त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसेल.