मेलानोमाला 'तिळाचा कॅन्सर' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: 'घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावं म्हणून मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाला मी तिळाचा कॅन्सर म्हणतो. ते बरोबर आहे का? आणि त्वचेच्या कर्करोगाच्या बेसल सेल, स्क्वेमस सेल या प्रकारांना मराठीत काय म्हणावं?'

तिळाचा कॅन्सर म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हेतू चांगला असला तरी या शब्दाने अंगावर तीळ असलेला माणूस उगाच धास्तावतो आणि नसलेला निर्धास्त राहतो. बहुतेक मेलानोमा जुन्या तिळातून होत नाहीत, ते आधी काहीच नसलेल्या त्वचेवर नव्याने उगवतात. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या लोकांत मेलानोमा कमी होतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली सापडतो. तिथे तीळ शोधायला कोण जातं?

'तीळ' हा शब्द मात्र फार नेमका आहे. सुश्रुतसंहितेत 'तिलकालक' येतो: काळा, तिळाएवढा, न दुखणारा, त्वचेच्या सपाटीतला. तिथेच 'मषक'ही आहे, उडदासारखा काळा आणि वर आलेला. माष म्हणजे उडीद. आपला 'मस' हा त्याच घरातला. आणि 'चर्मकील'ची झाली चामखीळ, कातडीत ठोकलेली खीळच जणू! बोलताना आपण हे तिन्ही शब्द सरमिसळ वापरतो, पण यांतला एकही शब्द कर्करोगाचा नाही.

ग्रीकमध्ये 'मेलास' म्हणजे काळा, तर 'ओमा' हा गाठ दाखवणारा प्रत्यय. पण 'काळी गाठ' म्हटलं तरी फसगत होते, कारण काही मेलानोमा गुलाबी किंवा त्वचेच्याच रंगाचे असतात. म्हणून नाव मेलानोमाच ठेवावं आणि सांगताना 'त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग' असं सांगावं.

बेसल सेलला मी 'तळपेशींचा कर्करोग' म्हणेन, कारण त्याच्या पेशी बाह्यत्वचेच्या तळच्या थरासारख्या दिसतात. स्क्वेमस हा शब्द लॅटिन 'स्क्वामा'वरून, म्हणजे खवल्यावरून आला, तेव्हा 'खवलेपेशींचा कर्करोग'. तळपेशींच्या प्रकाराचं जुनं इंग्रजी नाव 'रोडंट अल्सर', म्हणजे कुरतडणारा व्रण. मला ते आवडतं, कारण ते दिसण्यापेक्षा वागणं सांगतं. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. तो दूरच्या अवयवांत क्वचितच पसरतो, पण दुर्लक्ष केलं तर नाकाची कूर्चा, प्रसंगी हाडसुद्धा कुरतडत जातो. खवलेपेशींचा मात्र लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो, विशेषतः ओठावर, कानावर किंवा भाजल्याच्या जुन्या वणात झाला तर. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना त्याचा धोका बराच वाढतो. एरवी या दोन्हींचं मुख्य कारण अतिनील किरण: वर्षानुवर्षांचं ऊन, गोरी त्वचा, कृत्रिम टॅनिंगचे दिवे. मेलानोमात लहानपणी उन्हाने त्वचा भाजणं आणि घराण्यात तो असणं हेही मोजावं लागतं.

म्हणूनच नुसतं 'त्वचेचा कॅन्सर झालाय' म्हणणंही मला अपुरं वाटतं. तळपेशींचा वरवरचा डाग कधी मलमाने किंवा गोठवूनही जातो. चेहऱ्यावर असेल तर मोह्ज पद्धतीत थर थर काढून प्रत्येक थर तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मेलानोमात गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे यावर बरंच अवलंबून असतं. ती पातळ असतानाच काढली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. पसरलेल्या मेलानोमावर 2011 पासून इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी, नवी औषधं आली आणि चित्र पुष्कळ बदललं, तरी तो तिघांत सर्वांत धोक्याचाच. घरच्यांना या तिन्हींचा फरक नावातूनच कळायला हवा.

राहिला तीळ. त्याच्यासाठी आपल्याकडे 'पालटणं' हे छान क्रियापद आहे. 'तीळ वाढलाय' यात फक्त आकार येतो. 'तीळ पालटलाय' यात वेडीवाकडी झालेली कड, दुरंगी झालेला डाग, नव्याने सुटलेली खाज, येणारं रक्त, सगळं येतं. डॉक्टरांना सांगताना हाच शब्द वापरा.