आधी दोरे मोजा, मग नक्षी काढा

प्रश्न : ताई, भरतकामाच्या दोऱ्यांनी डबा भरलाय. बऱ्याच लड्या अर्धवट आहेत, काहींचं लेबलही गेलंय. जुने कापडाचे तुकडे आहेत. नवीन काही न आणता उशीचा एक अभ्रा भरायचाय. पण मध्येच रंग संपला तर, या धास्तीने हातच लागत नाही. – एक वाचक

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. आवडलेली नक्षी आधी छापली आणि मग डब्यात रंग शोधत बसलं, की दोरा हमखास कमी पडतो. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा. डबा चादरीवर रिकामा करा, दिवसाच्या उजेडात. ज्या रंगाचा दोरा सर्वांत जास्त आहे तो तुमचा मुख्य रंग, मग तो तुमचा लाडका असो वा नसो. त्याला शोभतील असे तीन-चार रंग बाजूला काढा आणि बाकीचं परत डब्यात टाका.

आता हिशेब. नवी लडी साधारण आठ मीटरची असते आणि दोऱ्याला सहा पदर असतात. तुमच्याकडे अर्धी लडी, म्हणजे चार मीटर आहे असं धरू. ४५ सेंटिमीटरचे आठ तुकडे निघतील. दोन पदरांनी भरायचं तर प्रत्येक तुकड्यातून तीन, म्हणजे चोवीस सुया, म्हणजेच चोवीस वेळा सुईत ओवण्याइतका, दोरा मिळाला. मग नक्षीतलं एक पान फालतू तुकड्यावर पूर्ण भरून पाहा. एका पानाला एक सुई लागली तर चोवीस पानं होतील. नक्षीत वीसच काढा. चार उसवाउसवीला राहू द्या.

पानाला वाटलं त्याहून जास्त दोरा लागला तर टाका बदला. भरीव टाक्यात, म्हणजे शेजारी-शेजारी टाके घालून पान पूर्ण भरताना, जेवढा दोरा वर दिसतो, जवळजवळ तेवढाच मागेही जातो. कडेला पोचल्यावर सुई त्याच कडेला, अगदी शेजारून वर काढली, तर मागे फक्त बारीक ठिपके राहतात आणि दोरा निम्म्याच्या आसपास वाचतो. मला स्वतःला देठ टाक्याने, म्हणजे रेषेवर एकापुढे एक तिरके टाके घालत, नुसती बाह्यरेषा काढलेली पानंही फार आवडतात.

जवळपासच्या दोन हिरव्या छटा थोड्या थोड्या असतील, तर एकेक पदर घेऊन एकाच सुईत ओवा. पान किती जिवंत दिसतं बघा! पदर मात्र एकेकटाच ओढून काढायचा. दोन एकदम ओढले की गुंता झालाच.

लेबल नसलेल्या दोऱ्यांची परीक्षा सोडू नका, अभ्रा वारंवार धुतला जाणार आहे. पांढरं सुती फडकं गरम पाण्यात भिजवून पिळा, त्यात दोरा गुंडाळून इस्त्री दाबा. डाग उमटला तर तो दोरा या कामातून बाद. लाल, गर्द निळा आणि काळा यांच्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका, लेबल असलं तरीही. तसंच प्रत्येक लडीतला एक पदर दोन हातांत धरून झटका द्या. सहज तुटला तर दोरा कुजलाय. रंग कितीही सुंदर असो, टाकून द्या. लडीचा बाहेरचा वेढा फिका आणि आतला गडद असेल तर फिका भाग कापून टाका.

कापडाचं म्हणाल तर अनेकदा धुतलेलं सुती कापड उत्तम, ते आता आटणार नाही. उजेडासमोर धरा, विरलेली जागा लगेच दिसते. कोरा तुकडा असेल तर भरण्याआधी धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात नक्षीभोवती सुरकुत्या येतील. आणि काम थांबवलं की कापड ताणून धरणारी रिंग काढून ठेवा, तिचा वळ जुन्या घडीपेक्षा चिवट असतो.

रेयॉनचे चकचकीत आणि जरीचे दोरे या अभ्र्यावर नकोत. ते घासले की पिंजतात. भिंतीवर लावायच्या एखाद्या कामासाठी त्यांची वेगळी पिशवी करा.