पुस्तक ऐकलं तर ते वाचलं म्हणायचं का?

प्रश्न : ताई, मी नागपुरात मनीषनगरला राहते, नोकरी हिंगणा एमआयडीसीत. उज्ज्वलनगरहून मेट्रो, बर्डीला बदलायची नि लोकमान्यनगरला उतरायचं, तेवढ्या वेळात ऑडिओबुक ऐकते, त्यामुळंच कित्येक वर्षांनी पुस्तकं सुरू झाली. पण सासरे म्हणतात ऐकणं म्हणजे वाचन नव्हे. आणि मुलगा बारावीला, तो म्हणतो मीपण धडे ऐकूनच करतो. दोघांना काय सांगू?

उत्तर : कथा-कादंबरी ऐकली की ती वाचल्यातच जमा, मनात अजिबात खंत ठेवू नका. २०१९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ९ जणांना त्याच गोष्टी ऐकवल्या पण आणि वाचायलाही दिल्या, एमआरआयमध्ये पाहिलं तर अर्थ लागताना दोन्ही वेळी मेंदूचे जवळपास तेच भाग कामाला लागलेले. आपल्याकडं तर पोथी एकानं वाचायची नि घरादारानं ऐकायची हीच रीत होती ना, सासऱ्यांना ते चांगलं आठवत असेल.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो आवाज. आपल्याकडचं "काऊन बे, कुठं चाल्ला?" हे कागदावर भांडणासारखं दिसतं, पुण्याचा वाचक तिथं दचकतोच, पण इकडचाच माणूस वाचत असेल तर त्यातला जिव्हाळा पहिल्या झटक्यात कळतो. उलट वाचणाऱ्याला बोली माहीत नसेल आणि पुस्तकातला विदर्भातला शेतकरी त्याच्या तोंडून सीरियलमधल्यासारखा बोलायला लागला, तर सगळी कादंबरीच बिघडते, कारण छापील पुस्तकात सूर आपण लावतो, इथं दुसऱ्यानं लावून दिलेला असतो. म्हणून आधी सँपल ऐका, पटला नाही आवाज तर सरळ छापील प्रत घ्या, बर्डीवर राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आहेच. कविता तर मी म्हणेन कागदावरच, ओळ कुठं तुटते ते डोळ्याला दिसायला पाहिजे. आणि बर्डीला गाडी बदलताना पॉज करत जा, त्या गर्दीत नि अनाउन्समेंटमध्ये अर्धं पान कानावरून जातं आणि आपल्याला पत्ता नसतो.

मुलाचं मात्र मला पटलं नाही. २०१० मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर प्रयोग झाला, तोच लेख काहींना वाचायला दिला नि काहींना पॉडकास्ट म्हणून ऐकायला, टेस्टमध्ये ऐकणाऱ्यांना बरेच कमी मार्क पडले. वाचताना डोळा सारखा मागं जात असतो, आपल्याला कळतही नाही, इंग्रजी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या तेव्हा साधारण १० ते १५ टक्के उड्या मागच्या शब्दांकडं निघाल्या. अवघड वाक्य असं मागंपुढं करतच समजतं. ऑडिओत मागं जायचं बटण असतं, पण हात खिशातून काढून ते दाबतो कोण? शिवाय फिजिक्सचं डेरिव्हेशन ऐकून कसं येईल, ते हातानं लिहूनच येतं. त्याला ऐकणं बंद करायला लावू नका, आधी वाचलेला धडा उजळणीला जाता-येता ऐकला तर फायदाच आहे. फक्त क्रम पक्का ठेवायला सांगा, आधी पुस्तक आणि वही, मग कान, आणि रात्री आडवं पडून ऐकलेलं अभ्यासाच्या तासांत धरायचं नाही.