चुनखडकात सापडलेल्या शंखाचं वर्णन कसं लिहायचं?

तुम्ही शहाद्याचे. मध्य प्रदेशातल्या मनावरला मामांच्या शेताच्या बांधावर चुनखडकात बोटाच्या पेराएवढा पीळदार शंख दिसला. तो समुद्रातला कशावरून आणि त्याचं वर्णन कसं लिहायचं, असं विचारलंय. मी धुळ्याला भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला.

आपल्या खान्देशात पायाखाली बहुतेक काळा दगडच, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. सातपुडा ओलांडला की बाग आणि मनावर या गावांच्या पट्ट्यात त्याच्याही आधीचा, साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्री चुनखडक उघडा पडलेला दिसतो. शंखाच्या शेजारी काय आहे ते बघा. कालवाच्या शिंपा किंवा समुद्री अर्चिन या काटेरी, गोलसर प्राण्याची पाच पाकळ्यांची नक्षी दिसली, तर शंका उरत नाही, कारण अर्चिन गोड्या पाण्यात जगतच नाही. तापी-गिरणेच्या काठच्या मातीत मिळतात ते पांढरे, पातळ शंख मात्र नदीतले.

आता वर्णन. टोक वर आणि तोंड आपल्याकडे, असा शंख धरा. तोंड उजवीकडे आलं तर उजवा, डावीकडे आलं तर डावा. मग उंची आणि सगळ्यात रुंद भागाची रुंदी मिलिमीटरमध्ये, वेढे किती, दोन वेढ्यांमधली शिवण खोल की उथळ, वेढ्यावर रेघा आहेत का, त्या आडव्या की उभ्या, तोंड गोल की लांबट, खाली पन्हळ आहे का. टोक तुटलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, तुमच्या हातात कवच आहे की आतला साचा? कवच बहुधा अ‍ॅरागोनाइट या चुन्याच्या खनिजाचं असतं आणि ते लवकर विरघळतं. मागे उरतो तो पोकळीत भरून घट्ट झालेला गाळ. असा साचा गुळगुळीत असतो आणि त्याचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत, मधे कवचाच्या जाडीएवढी फट राहते. एम.एस्सी.ला असताना मी अशाच साच्याला पाहताक्षणी ‘टरिटेला’ (लांब, निमुळत्या समुद्री शंखाचं नाव) लिहिलं होतं. सरांनी ते खोडून ‘रेघा कुठे दिसल्या?’ एवढंच विचारलं. टरिटेला ओळखायची ती बरीचशी कवचावरच्या आडव्या रेघांवरून, आणि त्या आतल्या साच्यावर सहसा उमटत नाहीत. तेव्हापासून मी आधी दिसेल ते लिहितो, नाव नंतर.

म्हणून शंख दगडातून उपटू नका. भोवतीच्या दगडात कवचाच्या बाहेरच्या बाजूचा ठसा राहिलेला असतो. एखादा तुकडा आपोआप सुटला असेल तर त्या खळग्यात चिमूटभर टाल्कम पावडर टाकून मुलांची खेळायची क्ले हलकेच दाबा आणि सावकाश काढा. हरवलेली नक्षी क्लेवर उठून येते.

शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. कुठल्या थरात मिळाला ते आजच लिहा, आणि मामांकडून शेताचा खसरा नंबरही (तिकडचा जमिनीचा नंबर) घेऊन ठेवा.